लष्करात राहून लष्कराच्या भाकऱ्या

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ग्वाल्हेरच्या, लष्कर भागात राहणाऱ्या. वय ६१, खासगी शाळेत हिंदी शिकवायच्या, रिटायर होऊन दीड वर्ष झालं. गेल्या जानेवारीत शहरात तीन दिवसांचा एक एक्स्पो भरला होता, शाश्वत राहणी आणि फेअर ट्रेड (माल बनवणाऱ्याला रास्त मोबदला देणारा व्यापार) असा विषय, म्हणजे सेंद्रिय धान्य, हातमाग, बांबूचे ब्रश, कंपोस्टचे डबे, सोलर कुकर सगळं एकाच मांडवात. ताई तिथे व्हॉलंटिअर म्हणून गेल्या. पहिला दिवस रजिस्ट्रेशनच्या टेबलावर, पुढचे दोन दिवस चंदेरीहून आलेल्या एका विणकर बाईच्या स्टॉलवर मदतीला. आता वर्ष होत आलं तरी तीन गोष्टी सलतायत. एक, एक्स्पो पर्यावरणाचा आणि दारात फ्लेक्सचे बॅनर, प्यायला बाटलीबंद पाणी, व्हॉलंटिअरना पॉलिस्टरचे टी-शर्ट. दोन, पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, ‘फेअर ट्रेडवाले आणि तुला तीन दिवस फुकट राबवलं, यात फेअर काय आहे आई?’ आणि यजमान म्हणाले, ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस!’ तिसरी गोष्ट पत्राच्या अगदी तळाशी, घाईघाईत लिहिल्यासारखी. त्या विणकर बाईच्या तीन दिवसांत पाचच साड्या खपल्या, स्टॉलचं भाडं सहा हजार होतं, आणि शेवटच्या संध्याकाळी तिने आपणहून भाव कमी केला म्हणून ताईंनी साडेपाच हजारांची साडी चार हजारांत घेतली. ती अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. यंदा आयोजकांनी वीस व्हॉलंटिअरचं प्रमुखपद देऊ केलंय. जाऊ का नको, असं विचारलंय.

ताई, नमस्कार.

पत्र वाचलं आणि आधी हसूच आलं. यजमानांनी ज्या लष्कराच्या नावाने टोमणा मारला त्याच लष्करात तुमचं घर! दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, ती काही उठली नाही, तिचंच शहर झालं, आणि आपल्या सगळ्यांचे खापरपणजोबा त्या लष्कराच्या मागे मागे इथे आले, कोणी हिशेब लिहायला, कोणी पूजा सांगायला, कोणी नुसत्या भाकऱ्या भाजायला. त्या भाकऱ्यांवरच आपण इथवर आलो, तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने ही म्हण जरा जपून वापरावी. यजमानांना सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

आता तुमचं दुखणं. पत्रात ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने घेते, पण मला वाटतं खरं दुखणं शेवटी आहे आणि ते तुम्हालाही माहितीय.

फ्लेक्स आणि बाटल्या. राग येतो, मलाही येतो. पण हा राग डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरचा आहे म्हणून पटकन येतो. त्याच मांडवात दारावर कापडी पिशव्या फुकट वाटल्या असतील ना? त्याचा राग आला का? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा हिशोब मांडला होता, त्यात हवामानापुरतं बघितलं तरी साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी तेव्हा कुठे ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, सेंद्रिय कापसाची तर १४९ वेळा, आणि पाणी, खत, सगळंच धरलं तर आकडा हजारांच्या घरात जातो. माझ्या दारामागच्या खुंटीवर अशा अकरा पिशव्या आहेत, प्रत्येकीवर पृथ्वी वाचवायचं काही ना काही छापलंय. अर्थात त्या हिशोबात नाल्यात तुंबलेलं प्लास्टिक धरलेलं नव्हतं, आणि इथल्या स्वर्णरेखा नदीच्या काठाने ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ते किती असतं हे सांगायला नको. म्हणून प्लास्टिक बरं असं मी मुळीच म्हणत नाहीये. म्हणायचं एवढंच की वस्तू बदलली की काम झालं असं नसतं. कुल्हड घ्या, भाजलेली माती परत माती होत नाही, खापरीच राहते, बिचारं कुल्हड. त्यापेक्षा आपल्या मंडळाची स्टीलची भांडी, लग्नामुंजीत बाहेर निघतात ती, तीन दिवस उसनी घेतली आणि धुणाऱ्या बाईंना नीट मजुरी दिली तर बाटल्या आणि कप दोन्हीचा प्रश्न मिटतो. हे यंदा आयोजकांना आत्ताच सांगा, जानेवारीत सांगून काही होत नाही तोवर फ्लेक्स छापून झालेले असतात. पण फ्लेक्स होते म्हणून सगळा एक्स्पो ढोंग, असं म्हणू नका. लग्नात भात कच्चा राहिला म्हणून लग्न खोटं ठरत नाही.

आता मुलाचं. मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये हं. फेअर ट्रेडचा पाया मजुरीच आहे. या क्षेत्रातल्या जागतिक संघटनेची दहा तत्त्वं आहेत, त्यात योग्य मोबदला, बालमजुरी नको, बायांना समान वागणूक, कामाच्या जागी सुरक्षितता हे सगळं येतं, आणि त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते पैसे वेळेवर देण्याचं, हस्तकलेची ऑर्डर दिली आणि कारागिराने मागितलं तर निदान अर्धे पैसे आधी, बिनव्याजी द्यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तर मोबदला हाच ज्याचा आत्मा तिथे तुम्ही बिनपगारी, म्हणून मुलाला खटकलं. पण याच चळवळीचा इतिहास बघा. अमेरिकेत १९४६ मध्ये एडना रूथ बायलर नावाच्या बाईंनी पोर्तो रिकोच्या बायकांचं भरतकाम आणून ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली, गाडीच्या डिकीत ठेवून, आणि नंतर युरोपात जी फेअर ट्रेडची दुकानं निघाली, जर्मनीत वगैरे, ती आजही बरीचशी फुकट काम करणाऱ्या माणसांवर चालतात, आणि त्यात तुमच्यासारख्या रिटायर बाया खूप. म्हणजे फुकट काम या प्रकाराला सुरुवातीपासून जागा आहे. प्रश्न हा की त्या फुकटातून वाचलेला पैसा कुठे जातो.

हे शोधायला फार हुशारी लागत नाही. आयोजक कोण आहे ते बघायचं. एखादी समिती आहे, कोणालाच पगार नाही, भाडं मांडवात-लाइटीत गेलं, तर तुमचे तीन दिवस त्या कामात पडले, छान झालं. पण इव्हेंट कंपनी आहे, तिकीट लावलंय, प्रायोजक आहेत, स्टॉलचे सहा-सहा हजार घेतलेत आणि वर माणसं मात्र व्हॉलंटिअर, तर मग मुलगा बरोबर आहे आणि तुम्ही नका जाऊ. आणि एक बघायचं, तुम्ही जे काम केलंत ते कोणाच्या पोटावरचं होतं का. झाडू मारायला, सामान उतरवायला, रात्री राखण करायला माणूस लागतोच आणि त्याला पैसे द्यावेच लागतात, ते पैसे वाचवायला कॉलेजची पोरं सेवा म्हणून लावली असतील तर ती सेवा नाही. उलट चंदेरीची बाई जेवायला गेली असताना तिच्या जागी बसणं, हे काम पैसे देऊन कोणी करून घेतलंच नसतं. ते झालं नसतं, ती उपाशी बसली असती. तुम्ही तिथे होतात.

आणि इथेच ती साडी येते.

ताई, आपण जरा तिच्या बाजूला बसून हिशोब करू. चंदेरीहून ग्वाल्हेर म्हणजे बसने पाच-सहा तास, गाठोडं सांभाळत. सहा हजार भाडं, म्हणजे पाचातली एक साडी तर भाड्यातच गेली आणि वर पाचशे पदरचे. तीन रात्री राहणं, खाणं, परतीचं तिकीट. न खपलेला माल परत न्यायचा म्हणजे त्यात अडकलेलं रेशीम, सूत, जरतार परत नेणं, आणि पुढची साडी लावायला पुन्हा पैसे पाहिजेत. चंदेरीची साडी, ताणा (उभा धागा) रेशमाचा, बाणा (आडवा) सुताचा, साधी असेल तर काही दिवसांत उतरते आणि भरगच्च बुट्ट्यांची असली तर महिनाही जातो, कारण प्रत्येक बुट्टीचा धागा वेगळ्या सुईने हाताने फिरवायचा असतो. तिथले बरेचसे लोक मोठ्या विणकराकडून सूत-रेशीम घेऊन मजुरीवर विणतात, स्वतःचा माल स्वतः विकायला येणं हीच त्यांच्यासाठी मोठी उडी. तर शेवटच्या संध्याकाळी तिने चार हजार म्हटलं ते साडीची किंमत तेवढी होती म्हणून नाही. हातात रोकड पाहिजे होती. इथवर तुम्हाला कळलंय, म्हणूनच साडी कपाटात आहे.

पण एक बाजू तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. तिने भाव कमी केला तो कोणासाठी? बाकीच्या चार गिऱ्हाइकांनी पूर्ण भावात घेतल्या, असंच दिसतंय. तुम्ही तिच्या स्टॉलवर दोन दिवस बसला होतात, तिला जेवू दिलंत, तिचा गल्ला सांभाळलात, आणि अंगात आयोजकांचा टी-शर्ट होता. तुम्हाला ती नाही कशी म्हणणार होती? किंवा नाही म्हणायचंच नसेल तिला, मनापासून काही द्यायचं असेल आणि साडीशिवाय द्यायला काही नसेल. दोन्हीतलं काहीही धरा, निघतं एकच. तुम्ही फुकट राबला नाहीत ताई. तुम्हाला दीड हजार मजुरी मिळाली. फक्त ती त्या मांडवातल्या बहुतेक सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईने दिली.

कडू लागलं असेल, माफ करा. पण तुम्हालाही हे कुठेतरी कळलंय असं मला वाटतं, नाहीतर साडेपाचची वस्तू चारला मिळाली की आपण महाराज बाड्याच्या बाजारातून घरी येईपर्यंत चौघींना सांगून झालेलं असतं.

घासाघीस हे पाप आहे असं माझं म्हणणं नाही. आपली ग्वाल्हेरची जत्रा, आपला मेला, १९०५ पासून भरतोय, तिथे ‘कुछ तो कम करो भैया’ म्हटल्याशिवाय कोणी साधा पोळपाट घेत नाही, आणि दुकानदारानेही ते धरूनच भाव सांगितलेला असतो. तो खेळ दोघांना माहितीय, दोघांकडे उठून जायची सोय आहे. जिला आज रात्रीची बस धरायचीय तिच्याशी तो खेळ होत नाही, एवढंच. आणि स्वस्त पाहिजे हा हट्ट काही आजचा नाही. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला जगता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, खादीचं काम बघणाऱ्या चरखा संघाने ते धोरण घेतलं, आणि लगेच कुरकुर सुरू झाली की खादी महागणार, कोण घेणार! नव्वद वर्षं झाली, आपण अजून खादी घ्यायला दोन ऑक्टोबरच्या सवलतीची वाट बघतो. मी पण बघते. ग्वाल्हेरच्या मध्य भारत खादी संघात तिरंगा तयार होतो म्हणून आपली छाती फुगते आणि तिथल्याच कुडत्याच्या कापडावर किती टक्के सूट हे आधी विचारतो.

मग आता काय करायचं? दीड हजार तिच्या खात्यात टाकून मोकळं व्हावं असं वाटेल. नका टाकू. तिने दिलेली गोष्ट परत केल्यासारखं होईल आणि वर दान केल्यासारखं, दोन्ही बाजूंनी तिला वाईट वाटेल. तिचा नंबर असेलच तुमच्याकडे, स्टॉलवर कार्ड होतं असं लिहिलंय तुम्ही. तिला फोन करा आणि एक साडी सांगा, सुनेसाठी, बहिणीसाठी, कोणासाठीही, तिच्या भावाने, आणि अर्धे पैसे आधी द्या. वर म्हटलं ना अर्धे आधी, ते हेच. त्या पैशात तिचं रेशीम येतं, कोणाकडून व्याजाने उचलावं लागत नाही, आणि महिनाभर विणताना ही साडी जाणार कुठे ही चिंता नसते. खरं सांगू, एक्स्पोला दहा वेळा जाण्याने जे होत नाही ते या एका फोनने होतं. साडेपाच हजार एकदम जड वाटत असतील तर दुपट्टा सांगा. दोन मैत्रिणी मिळून सांगा. घाई करू नका एवढंच, लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि साडी पाहिजे असं चालत नाही तिथे.

आणि कपाटातली साडी नेसा हो. न नेसल्याने तिला काय मिळालं!

पुढच्या वेळेसाठी एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय, पटला तर घ्या, बाकीच्या वाचकांनीही घ्या. व्हॉलंटिअरने घ्यायचं ते पहिल्या दिवशी सकाळी घ्यायचं, पूर्ण भावात, बोहनी म्हणून. शेवटच्या संध्याकाळी पर्स घरी.

आता प्रमुखपद. माझं मत विचाराल तर नाही म्हणा. तुम्ही ते करू शकणार नाही असं नाही, तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला वीस पोरं काय जड! पण प्रमुख म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप, रात्री अकराला ‘मॅम टी-शर्टची साइज’, कोण आलं नाही, कोणाचा डबा नाही, आणि आयोजकांनी काही चुकीचं केलं तर पोरांसमोर त्यांची बाजू घेणं. तुम्ही पुन्हा रजिस्ट्रेशनच्याच टेबलावर जाल, फक्त खुर्ची जरा मोठी. तुमचं मन रमलं ते स्टॉलच्या मागच्या बाजूला, पत्रात त्या दोन दिवसांबद्दल अर्धं पान आहे आणि उद्घाटनाबद्दल एक ओळ. मग तेच काम मागून घ्या. सांगा, मला सहा स्टॉल द्या, कारागिरांचे, जे एकटेच आलेत ते. प्रत्येकाला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास उठता आलं पाहिजे, जेवायला, बाथरूमला, नुसतं उन्हात उभं राहायला. जानेवारीत इथे सकाळी कोहरा असतो, मांडवात हात गारठतात, एका जागी दहा तास बसून बघा. पुरुषांच्या स्टॉलवर भाऊ, पुतण्या कोणीतरी असतो, एकट्या आलेल्या बाईचे हाल होतात आणि ती सांगत नाही, पाणीच कमी पिते.

किंवा प्रमुखपद घ्यायचंच असेल तर आत्ता, हो म्हणायच्या आधी, दोन गोष्टी मागा आणि लेखी मागा. लहान कारागिरांचं भाडं कमी करा किंवा विक्री झाल्यावर घ्या, मोठ्या ब्रँडच्या स्टॉलकडून जास्त घ्या. आणि पैसे थेट ज्याच्या त्याच्या खात्यात. स्टॉलवरचा क्यूआर कोड विणकराचा स्वतःचा पाहिजे, आयोजकांचा नाही, नाहीतर ‘सगळ्यांचं एकत्र जमा होईल, महिन्याने हिशोब करू’ असं होतं आणि तो महिना होळीपर्यंत जातो. या दोन्हीला हो आलं तर मग जा, फ्लेक्स असले तरी जा. नाही आलं तर कागदाचे बॅनर लावले तरी मला नाही वाटत काही फेअर होईल.

स्टॉलवर बसायचं ठरलं तर थोडं शिकून जा, हे सगळ्यांनाच सांगते. मी एकदा बायकांच्या एका गटाच्या मसाल्याच्या स्टॉलवर बसले होते, उत्साहात प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘सब ऑर्गेनिक है’ सांगत सुटले, तर मागून एक बाई हळूच म्हणाली, ‘दीदी, हल्दी हमारी है, धनिया तो मंडी का है.’ तेव्हापासून मी जे विचारून घेतलंय तेवढंच बोलते. धान्य-मसाल्याच्या पाकिटावर जैविक भारतची, म्हणजे सेंद्रिय मालाची सरकारी खूण आहे का बघायची. फेअरट्रेडची खूण वस्तूला मिळते, त्यात ठरलेला किमान भाव आणि वर गावासाठी थोडी रक्कम असा प्रकार असतो, कापूस, चहा, कॉफी वगैरेंत. हस्तकलेत सहसा वस्तूला नाही, अख्ख्या संस्थेला मान्यता असते. हातमागाला हँडलूम मार्क आहे, २००६ पासून. चंदेरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तरी यंत्रमागावरची ‘चंदेरी’ बाजारात ढीगभर मिळते. आणि या सगळ्या खुणा नसल्या म्हणजे माल खोटा असंही नाही, लहान माणसाला त्या कागदांचा खर्च झेपत नाही. अशा वेळी खोटं लेबल तोंडाने लावायचं नाही, सरळ सांगायचं, ही बाई स्वतः विणते, पैसे तिलाच जातात. बांबूचे मोजे मात्र जरा जपून. ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा, म्हणजे रेयॉनच. ज्या शहराच्या नावाने ग्वालियर रेयॉन अख्ख्या देशात विकलं गेलं तिथल्या माणसांनी तरी फसू नये!

‘कुछ कम करो’वाल्यांना व्याख्यान देऊ नका. तुम्ही शिक्षिका, मोह होईल. गरिबीची गोष्ट पण सांगू नका, ‘बेचारी कितनी दूर से आई है’ हे तर तिच्या समोर बोलणं म्हणजे... नकोच. त्यापेक्षा साडी उलटी करून दाखवा, बुट्टीची मागची बाजू, काठालगतची टाचणीएवढी बारीक छिद्रं, आणि गिऱ्हाइकालाच विचारा, किती दिवस लागले असतील ओळखा. लोक खुशीत अंदाज करतात, चार दिवस, आठ दिवस. मग विणकर बाईनेच सांगायचं किती लागले ते. बहुतेक जण त्यानंतर भावाचं बोलत नाहीत. काही बोलतात, त्यांना नमस्कार करायचा.

आपल्या वयाला साजेसं एक, चार तासांच्या वर एका दिवशी कबूल होऊ नका. तीन दिवस दहा-दहा तास करून तुम्ही चौथ्या दिवशी पाय धरून बसलात हे पत्रातच आहे. येण्याजाण्याचा ऑटो आणि दुपारचं जेवण मागायला लाजू नका, ते मागितल्याने सेवा कमी होत नाही. दुसऱ्याच्या रोकडीला एकटीने हात लावायचा तर वहीत लिहून, संध्याकाळी तिची सही घेऊन. तुमच्यावर कोणी संशय घेतलाय असं नाही, पण घेतला तर तुमच्याकडे वही असावी.

घरचं राहिलं. यजमानांचा टोमणा मी हसण्यावारी नेला, पण त्यामागे काय आहे ते एकदा विचारून बघा ना. गेल्या जानेवारीत त्या तीन दिवसांत घरात काय झालं? सासूबाईंची दुपारची औषधं कोणी दिली, यजमान काय जेवले? पत्रात त्याबद्दल काहीच नाही, आणि जे पत्रात नसतं त्यावरूनच बरेचदा भांडण झालेलं असतं. कदाचित त्यांना भाकऱ्या कोणाच्या भाजता याचं काही नसेल, आपल्या कधी भाजणार एवढंच असेल. तसं असेल तर सोपं आहे, तीन दिवसांची वाटणी आधी ठरवा, त्यांचं पण काम त्यात घाला. वरण-भाताचा कुकर लावणं पासष्टाव्या वर्षीही शिकता येतं, आमच्याकडे शिकवलंय. आणि एक दिवस त्यांना तिथे घेऊन या, प्रेक्षक म्हणून नको, काम देऊन. गाठोडी सोडायला, दोरी बांधायला, गिऱ्हाइकांना सुटे पैसे आणून द्यायला. बँकेत होते ना ते? मग संध्याकाळची वही त्यांच्याकडेच द्या.

मुलाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, पण साडीचं सांगा त्याला. फोनवर सांगण्यासारखं नाही, तो येईल तेव्हा, साडी नेसून. त्याने विचारलेला प्रश्न चांगला होता आणि त्याला उत्तर मिळायला पाहिजे, फक्त त्याला वाटत होतं तसं ते आयोजकांकडे नव्हतं.

चंदेरीला फोन कराल तेव्हा दुपारनंतर करा, सकाळी मागावर बसलेल्या असतात. रंग तिलाच निवडू द्या असं मला वाटतं, पण तुमची मर्जी. आणि एक्स्पोला लोकरी मोजे दोन जोड न्या, एक तुमचा, एक ज्या कोणाच्या पायात नसतील तिच्यासाठी. बारा वाजेपर्यंत तिथली जमीन नुसती बर्फ असते.